पिकअप गाडी : बिकट परिस्थितीतील चालन व टायरांची निगा

पिकअप गाडी : चालकासाठी बंदिस्त खोली व तिच्यामागे माल ठेवण्यासाठी उघडा हौदा असलेली हलकी मालवाहू मोटरगाडी. हौद्याच्या मागील बाजूस खाली पाडता येणारा फाळका असतो. गाडीचा सांगाडा (चासी) स्वतंत्र व मजबूत असून मागील आस पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर तोललेला असतो आणि एंजिनाची प्रेरणा बहुधा मागील चाकांना दिलेली असते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात वापरात असलेल्या अशा गाड्यांची भारक्षमता साधारणपणे पाऊण ते दोन टन असते.

अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीवर कारखान्यातच बसविलेला हौदा देऊ केला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. भारतात त्याचे पूर्वज दोन : १९४७ पासून मुंबईत जुळणी होऊ लागलेली जीप आणि १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीची मालवाहू वाहने. ‘टेम्पो’ हे मुळात जर्मन कारखानदाराचे व्यापारनाव. मराठीत ते कोणत्याही छोट्या मालगाडीचे सामान्यनाम झाले. २००५ मध्ये आलेल्या टाटा एस या गाडीला तर लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नाव देऊन टाकले.

अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे या गाडीच्या वापराचे व तिच्यापुढील अडचणींचे चांगले उदाहरण ठरावे. हे गाव कल्याण–निर्मल महामार्गावर (पूर्वीचा क्र. २२२, २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर क्र. ६१) जिल्ह्याच्या ठिकाणापासून सु. ४० किमी. अंतरावर असून येथूनच शेवगावकडे जाणारा रस्ता फुटतो. नगरच्या बाजारपेठेत, विशेषतः नेप्ती येथील कांद्याच्या उपबाजारात माल न्यावयाचा तर करंजी घाट ओलांडावा लागतो. शेतातून महामार्गापर्यंतचा पहिला टप्पा काळ्या मातीच्या पाणंदीचा, काही ठिकाणी ओढ्यातून जाणारा. जवळच्या मढी येथे कानिफनाथांच्या यात्रेत होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत वाहनांची रीघ लागते. (याच यात्रेतील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे, ओझे किती लादावे याचा विचार तेथे जनावराच्या बाबतीत आजही होतो, गाडीच्या बाबतीत तो क्वचितच होतो.) प्रदेश पर्जन्यछायेतील असला, तरी पाऊस येतो तेव्हा कोसळून येतो, सप्टेंबर २०२५ मध्ये पाथर्डी तालुक्यात अतिवृष्टीमुळे ओढ्यानाल्यांना मोठे पूर आले होते. दूध, भाजीपाला यांची वाहतूक मात्र कोणत्याही ऋतूत एक दिवसही थांबवता येत नाही. त्यामुळे ‘रस्ता वाईट असेल तर जाऊ नये’ हा सोपा उपदेश येथे उपयोगी पडत नाही.

भार व तोल : रिकामी आणि भरलेली पिकअप या चालकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गाड्या आहेत. सु. १,७०० किग्रॅ. वजनाच्या गाडीत दीड टन माल भरला की, एकूण वजन जवळजवळ दुप्पट होते आणि ही वाढ मुख्यतः मागील आसावर पडते. रिकाम्या गाडीत याच्या उलट स्थिती असते. प्रेरणा मिळणाऱ्या मागील चाकांवर पुरेसा भार नसल्यामुळे ओल्या रस्त्यावर ती जागच्या जागी फिरतात आणि जोरात ब्रेक दाबल्यास गाडीचा मागील भाग बाजूला सरकतो. माल पोचवून परतताना झालेल्या अपघातांचे नवल वाटते, ते या कारणाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

माल उंच रचल्यास गुरुत्वमध्य वर जातो. चाकांमधील आडवे अंतर १.४ मी. आणि गुरुत्वमध्याची उंची ०.८ मी. असेल, तर गाडी उलटण्यासाठी तिच्या वजनाच्या सु. ८७ टक्के इतका आडवा रेटा लागतो. कडब्याच्या पेंढ्या किंवा कांद्याच्या गोण्या चढवून हीच उंची १.३ मी. झाली की, ५४ टक्के रेटा पुरतो. ३० मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किमी. वेगाने जाताना हा रेटा सु. ४२ टक्के असतो, ताशी ५० किमी. वेगाने सु. ६६ टक्के. म्हणजे दहा किलोमीटरच्या फरकात सुरक्षित वळण उलटण्याचे वळण बनते. स्प्रिंगांच्या कलण्यामुळे प्रत्यक्ष मर्यादा या हिशेबाहूनही कमी असते. म्हणून जड माल तळाशी व शक्यतो मागील आसाच्या पुढे ठेवावा, तो दोरांनी आवळावा आणि ताडपत्रीची टोके मोकळी सोडू नयेत. हौद्याबाहेर डोकावणारा माल विशेष घातक असतो. जानेवारी २०२५ मध्ये नाशिक येथील द्वारका उड्डाणपुलावर लोखंडी सळया वाहून नेणाऱ्या ट्रकवर मागून पिकअप आदळून अनेक जण दगावले, हे ताजे उदाहरण आहे.

जास्त माल वाहता यावा म्हणून मागील स्प्रिंगांचे पाटे वाढविण्याची पद्धत सर्वत्र आढळते. तिच्यातील एक धोका गाडीमालकांच्या सहसा लक्षात येत नाही. अनेक पिकअप गाड्यांत आस व सांगाडा यांच्यातील अंतरावरून भाराचा अंदाज घेऊन मागील ब्रेकांचा जोर कमीजास्त करणारी झडप बसविलेली असते. पाटे वाढविल्यावर गाडी भरूनही खाली बसत नाही. झडपेच्या लेखी ती रिकामीच राहते व मागील ब्रेकांना पुरेसा दाब मिळत नाही. अशा रीतीने ज्या गाडीवर भार वाढला, तिचीच थांबण्याची शक्ती घटते. कायद्याने अतिभाराबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड सांगितला आहे. तो क्वचित भरावा लागतो म्हणून स्वस्त वाटतो.

थांबण्याचे अंतर : धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातो. ताशी ६० किमी. वेगाने गाडी दीड सेकंदात २५ मी. पुढे गेलेली असते. त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर (घर्षण गुणांक ०.७) ती आणखी सु. २० मी., ओल्या रस्त्यावर (०.४) सु. ३५ मी. व चिखलाने माखलेल्या रस्त्यावर (०.२) सु. ७० मी. अंतर कापते. वेग निम्मा केल्यास ब्रेक लागल्यानंतरचे अंतर एकचतुर्थांश होते. पहिल्या पावसाच्या सरी सर्वांत फसव्या असतात, कारण रस्त्यावर साचलेले तेल, रबराची भुकटी व धूळ यांचा निसरडा लेप तयार होतो. तासभर पाऊस झाल्यावर तो बराचसा धुऊन जातो.

घाटातील चालन : उतारावर गाडीची स्थितिज ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावीच लागते. एकूण तीन टन वजनाची गाडी १०० मी. खाली उतरली की, सु. २९ लाख जूल ऊर्जा मुक्त होते. ही सर्व ऊर्जा ब्रेकांनी शोषली व त्यांतील धातूचे वजन ३० किग्रॅ. धरले, तर त्यांचे तापमान २०० अंश सेल्सिअसहून अधिक वाढेल. वाऱ्याने निघून जाणारी उष्णता वजा केली, तरी वाढ मोठीच राहते. तापलेल्या अस्तरांचे घर्षण घटते आणि पायाखाली ब्रेक घट्ट लागूनही गाडी थांबत नाही. यावर उपाय एकच : उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून एंजिनाकडून वेग रोखून धरणे. ज्या गिअरने घाट चढावा लागतो त्याच गिअरने तो उतरावा, हा जुन्या चालकांचा ठोकताळा शास्त्राला धरून आहे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा एंजिन बंद करणे हा निव्वळ आत्मघात होय. एंजिन बंद होताच ब्रेकांना जोर देणारी निर्वात व्यवस्था दोनतीन दाबांतच निकामी होते. शिवाय आधुनिक डिझेल एंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून उतरताना इंधनाचा पुरवठा आपोआप तुटतो, त्यामुळे वाचतो म्हणतात तो पैसाही वाचत नाही.

चिखल व पाणी : दक्षिणेकडील पठारावरील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची मृत्तिका असते. ती पाणी शोषून फुगते, चिकट होते आणि टायरांच्या खाचांत भरून बसते. मग नव्या टायराचा पृष्ठभागही गुळगुळीत टायरासारखा वागतो. अशा पाणंदीतून जाताना आधी उतरून वाट पाहावी, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारख्या मंद गतीने जावे, मध्ये गिअर बदलू नये व थांबू नये. चाके जागी फिरू लागल्यास वेग वाढविण्याचा मोह होतो. त्याने चाके फक्त खोल जातात. चाकांपुढील चिखल फावड्याने काढून तेथे उसाचे पाचट, कडबा, पोती वा सपाट दगड घालावेत. टायरातील हवा चतुर्थांशाने कमी केल्यास त्याचा जमिनीवरील ठसा वाढतो व पकड सुधारते. मात्र भरलेल्या गाडीला ही युक्ती काही मीटरांपुरतीच वापरावी आणि डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पूर्ववत भरावी. ट्रॅक्टरने ओढून काढावयाची झाल्यास साखळी सांगाड्यावरील आकड्यालाच अडकवावी. ताणलेला दोर किंवा साखळी तुटल्यास ती चाबकासारखी उलटते, म्हणून बघ्यांना दोराच्या लांबीइतके दूर ठेवणे आवश्यक असते.

ओढ्याच्या पाण्याविषयीचा अंदाज बहुधा चुकतो. पाणी ताशी सात किमी. (सेकंदास २ मी.) वेगाने वाहत असेल आणि गाडीच्या बाजूचा साडेचार मीटर लांबीचा ३० सेंमी. उंच पट्टा त्यात असेल, तर आडवा रेटा सु. २७५ किग्रॅ. भाराइतका होतो, प्रवाहाचा वेग दीडपट झाला की तो ६०० किग्रॅ.पलीकडे जातो. त्याच वेळी उत्प्लावनामुळे गाडीचे वजन हलके होत असते व गाळावर चाकांची पकड नसते. गाडी जड आहे म्हणून वाहून जाणार नाही, हा समज त्यामुळे खोटा ठरतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असताना कडा दिसत नसल्यास थांबणे एवढेच शहाणपणाचे. पाण्यातून निघाल्यावर ब्रेक हलके दाबून काही अंतर चालवावे, म्हणजे अस्तरे सुकतात.

टायर : गाडी व रस्ता यांचा संबंध प्रत्येक चाकाखाली तळहाताएवढ्या ठशापुरताच असतो, म्हणून वरील सर्व विवेचन अखेर टायरांपाशी येते. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावला. हवेने फुगविलेल्या टायराचे एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण ते विस्मृतीत गेले व १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी तोच शोध पुन्हा लावला. आजचे बहुतेक टायर अरीय (रेडियल) रचनेचे आहेत. त्यांतील दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात व पृष्ठभागाखाली पोलादी पट्टे असतात. तिरकस दोऱ्यांच्या जुन्या प्रकाराला चालक ‘नायलॉन’ म्हणतात. एकाच आसावर हे दोन प्रकार मिसळू नयेत.

टायराच्या बाजूवरील लेखन वाचता येणे उपयुक्त असते. ‘२१५/७५ आर १५’ याचा अर्थ रुंदी २१५ मिमी., बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के (सु. १६१ मिमी.), रचना अरीय व रिमचा व्यास १५ इंच. त्यापुढील भारांक १०० असल्यास एका टायराची मर्यादा ८०० किग्रॅ. असते, ‘एल’ हे वेगाक्षर ताशी १२० किमी. मर्यादा दाखवते. चार अंकी शिक्क्यातील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा व नंतरचे दोन वर्ष सांगतात. खाचा शाबूत असल्या, तरी ऊन व ओझोन यांमुळे रबर कडक होऊन भेगाळते. हौद्याखाली वर्षानुवर्षे टांगलेल्या जादा चाकाच्या बाबतीत ही तपासणी हमखास राहून जाते. (या चाकाला आपण म्हणतो ती ‘स्टेपनी’ वेल्समधील लॅनेली गावच्या एका रस्त्याच्या नावावरून आलेली आहे, तेथील कारखान्याने १९०४ च्या सुमारास अशी चाके विकावयास आणली.)

गाडीचा भार प्रत्यक्षात रबर पेलत नसून त्यातील दाबाखालील हवा पेलते. दाब कमी असल्यास प्रत्येक फेऱ्यात टायराच्या बाजू अधिक वाकतात, आत उष्णता साठते, थर सुटे होतात आणि शेवटी टायर फुटतो. उन्हाळ्यात भर दुपारी फुटलेल्या टायराचा दोष उन्हाला दिला जातो. बहुतेक वेळा खरा दोष कमी हवा आणि जादा भार यांचा असतो. ऊन केवळ शेवटचा धक्का देते. दाब सकाळी, गाडी निघण्यापूर्वी मोजावा. २७° से. तापमानास दर चौ. इंचास ५० पौंड दाब असलेला टायर धावून ६७° से.पर्यंत तापला की, दाब सु. ५८ पौंड होतो. ही वाढ निर्मात्याने गृहीत धरलेली असते. तापलेल्या टायरातून हवा काढून टाकल्यास थंड झाल्यावर तो अपुरा भरलेला राहतो आणि दुसऱ्या दिवशी अधिक तापतो. रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठीचे वेगळे दाब चालकाच्या दाराजवळील पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत दिलेले असतात, ते पाळावेत. नायट्रोजन भरण्याविषयी पुष्कळ बोलले जाते. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच. चांगला दाबमापक विकत घेणे त्यापेक्षा अधिक फायद्याचे आहे.

साचलेल्या पाण्यावर विशिष्ट वेगाच्या पुढे टायर पाण्यावर तरंगू लागतो व सुकाणू निष्प्रभ होते. विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून मिळालेल्या सूत्रानुसार हा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो : ३६ पौंड दाबास ताशी सु. १०० किमी., २५ पौंडांस सु. ८३ किमी. टायर ‘गोटा’ झाला असल्यास हा वेग आणखी खाली येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अशा गाड्यांच्या टायरांच्या खाचांची खोली १.६ मिमी.पेक्षा कमी असता कामा नये. खाचांच्या तळाशी असलेल्या उंचवट्यांपर्यंत झीज पोचली की टायर बदलावा. पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिमी. खोलीलाच तो बदलणे श्रेयस्कर. मधला भाग झिजल्यास दाब जास्त, दोन्ही कडा झिजल्यास कमी, एकच कड झिजल्यास पुढील चाकांची मांडणी बिघडलेली, असे निदान करता येते.

या भागातील पंक्चरचे प्रमुख कारण म्हणजे बाभळीचा, त्यातही वेड्या बाभळीचा काटा. ट्यूब असलेल्या टायरातील हवा एकदम जाते. ट्यूबविरहित टायरात ती सावकाश जाते, म्हणून रुतलेला काटा वा खिळा दुकानापर्यंत उपसू नये. बाजूच्या भिंतीला पडलेले छिद्र दुरुस्त करून भरलेल्या गाडीला तो टायर वापरणे धोक्याचे. नव्याने पृष्ठभाग चढविलेले (रिमोल्ड) टायर मागील आसावर, सांगाडा शाबूत असल्यास, काम देतात. पुढील आसावर ते घालू नयेत. पुढचा टायर धावताना फुटल्यास ब्रेकवर पाय न नेता सुकाणू दोन्ही हातांनी सरळ धरावे व वेग आपोआप उतरू द्यावा. कडे बसविलेल्या रिमचे टायर (जुन्या मालगाड्यांत हे अजून आढळतात) भरताना कडे उडून माणसे दगावतात. ते पिंजऱ्यात ठेवून किंवा निदान लांब नळीने बाजूला उभे राहून भरावेत.

माणसांची वाहतूक : मालवाहू गाडीच्या हौद्यातून माणसे नेण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही ऊसतोडणी कामगार, वऱ्हाडी व यात्रेकरू यांची वाहतूक सर्रास होते, कारण गावातून त्या वेळी सुटणारे दुसरे वाहन नसते. ११ ऑगस्ट २०२५ रोजी पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांची पिकअप चढावर मागे घसरून खाली कोसळली व किमान दहा महिला मृत्यू पावल्या. तीस माणसांचे वजन दीड टनाच्या पुढे जाते, म्हणजे गाडीला ते पेलवते असे वाटते. परंतु उभ्या माणसांचा गुरुत्वमध्य रस्त्यापासून सु. १.८ मी. उंचीवर येतो, गोण्यांप्रमाणे तो स्थिर नसतो आणि चढावर सर्व जण मागे रेलतात. पुढील चाके त्यामुळे हलकी होतात व सुकाणूचा ताबा कमी होतो. शिवाय हौद्यात धरावयास काही नसते. गाडी नुसती कलंडली, तरी माणसे बाहेर फेकली जाऊन तिच्याखाली सापडतात. नाइलाजाने माणसे न्यावीच लागली तर काय काळजी घ्यावी, असा प्रश्न चालक विचारतात. घाट, पाणंद किंवा पाणी वाटेत असता या प्रश्नाला सुरक्षित उत्तर नाही. साडेसात टनांपर्यंतच्या वाहनास हलक्या मोटारवाहनाचा परवाना पुरेसा असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यामुळे मोटारकार चालविण्याचा परवाना असलेला तरुण कायदेशीरपणे भरलेली पिकअप चालवू शकतो; मात्र घाटातील भारवाहनाचा सराव त्याला मुद्दाम करावा लागतो.

चाक बदलणे : रात्री, विशेषतः उसाच्या हंगामात परावर्तकांविना चालणाऱ्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर, बंद पडलेली गाडी डांबरावर उभी ठेवू नये; रिमवर काही मीटर जाऊन टायर गेला तरी चालेल, पण साइडपट्टीवर उतरावे. लाल परावर्तक त्रिकोण मागे किमान ५० मी. अंतरावर ठेवावा. समोरासमोरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावावेत, जॅकखाली फळी द्यावी व नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरू नये. चाक जमिनीवर असतानाच नट सैल करावेत. नवे चाक बसविल्यावर ते एकाआड एक, कर्णाच्या क्रमाने आवळावेत आणि ५० ते १०० किमी. चालल्यानंतर पुन्हा एकदा आवळून पाहावेत, कारण रिम व नट यांमधील रंग व माती दबून पहिल्या फेरीतच ते ढिले होतात.